दोन दिवसांचा कॅमेरा

“काकू, हात लावून बघा की. चावत नाही ओ,” अमर म्हणाला.

मी भिंतीशी वाती वळत बसले होते. बोटांना रक्षा लागली होती, ती मी त्याला दाखवली. तो हसला आणि टॉवेलात गुंडाळून आणलेला कॅमेरा त्यानं हळूच ह्यांच्या पुढ्यात ठेवला. हे चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. गडहिंग्लजमधला आमचा ‘नूलकर फोटो स्टुडिओ’ बंद होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ह्यांनी तो एकतीस वर्षं चालवला. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला, पासपोर्टचे फोटोसुद्धा झेरॉक्सच्या दुकानात निघायला लागले, आणि एका पाडव्याला ह्यांनी शटर ओढलं ते ओढलंच. अमर बोरगावे ह्यांच्या हाताखाली शिकलेला. आता कोल्हापुरात त्याचा स्वतःचा धंदा होता, लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला वेळ नसायचा. नवा कॅमेरा घेतला म्हणून जुना विकायचा होता, आणि विकण्याआधी तो आपल्या गुरूला दाखवायला घेऊन आला होता.

“फुल फ्रेम आहे काका. जुना आहे, पण राजा आहे.”

“किती चाललाय?”

“एक लाख दहा हजार क्लिक. तुमच्याशी खोटं नाही बोलणार. दीड लाखापर्यंत शटरला काळजी नाही. पुढं चाललं तर चाललं, नाहीतर बदलायचं.”

“म्हणजे चाळीस हजार उरले.”

“कमीत कमी.”

“मला दहा हजार पुरेत,” हे म्हणाले.

“काय काका, शंभरी भरल्यासारखं बोलताय!”

“तुझ्या काकूला विचार. ती चातुर्मासात लाख वाती वळते. तिचं शटर अजून पहिलंच आहे.”

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी हे असं बोलले होते.

मग ह्यांनी त्या कॅमेऱ्याची तपासणी सुरू केली. मुलगी बघायला गेल्यावर वडीलधारे चालून दाखव, वाचून दाखव म्हणायचे, तशी. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि पाठीमागच्या काचेवर मोठा करून धुळीचे ठिपके शोधले. दोन सापडले. पकडीचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं, ते अंगठ्यानं दाबून बघितलं. बॅटरीच्या खोबणीत गंज आहे का, ते बघायला मात्र त्यांनी अमरलाच लावलं.

“तू बघ. तुझे डोळे तरुण आहेत.”

सगळं बघून झाल्यावर ते उठले आणि कपाटातून एक डबा घेऊन आले. डब्यात ओल धरू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी होती आणि तिच्या कुशीत रिळाच्या काळातली त्यांची लेन्स. आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेली. पुढे डिजिटल आल्यावर ह्यांनी एक स्वस्तातला कॅमेरा घेतला होता, त्यावर ही लेन्स बसायची, पण ह्यांना ती तशी लावायला आवडायचं नाही.

“का हो?” मी एकदा विचारलं होतं.

त्यांनी मला खिडकीशी नेऊन दोन्ही बाजूंचे पडदे निम्मे ओढले होते. “आता बघ. खिडकी तीच, बाहेरचं सगळं तेच. पण कडा गेल्या. त्या छोट्या कॅमेऱ्यात असं होतं.”

त्या दिवशी त्यांनी ती लेन्स अमरच्या कॅमेऱ्यावर चढवली, डोळ्याला लावली आणि मान न हलवता कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

“काय काका, काय दिसतंय?” अमरनं विचारलं.

“कडा,” हे म्हणाले. “सगळ्या कडा दिसतात रे.”

अमरनं किंमत सांगितली. बाहेर कुणाला सांगितली असती त्याहून ती बरीच कमी होती, एवढं मलाही कळलं. “पण घाई नाही,” तो म्हणाला. “दोन दिवस ठेवा. वापरून बघा. रविवारी संध्याकाळी येतो. घ्यायचा असला तर घ्या, नसला तर मी आपला घेऊन जातो.”

आता माझं सांगायला हवं. आमच्या सासूबाईंनी जाताना माझ्या हातात दोन गोष्टी दिल्या. एक देवघर, आणि दुसरं चातुर्मासातलं मौनाचं व्रत. चार महिने एक वेळ जेवायचं, आणि जेवताना बोलायचं नाही. पान वाढलं की पानाला नमस्कार करून तोंड मिटायचं. शेवटचं पाणी पिऊन पुन्हा नमस्कार केला की मौन सुटलं. मधे शब्द गेला तर तसंच उठायचं, त्या दिवशीचं जेवण संपलं. “हुं सुद्धा करायचं नाही हो, मानेची खूणही नाही,” सासूबाई सांगायच्या, “मानेनं बोललं तरी ते बोलणंच.” सोळा वर्षं मी ते केलं होतं, आणि त्या वर्षी त्याचं उद्यापन करायचं ठरलं होतं. मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा वाहतात. स्टुडिओतले दिवे, पडदे, ती नक्षीची खुर्ची विकून आलेले पैसे ह्यांनी स्वतःहून माझ्या नावे पोस्टात ठेवले होते. “तुझ्या घंटेचे,” म्हणाले होते. नदीकाठच्या महादेवाच्या गुरवाला मी सांगून ठेवलं होतं. भजनाच्या बायकांनाही सांगून झालं होतं. घंटेवर नाव काय घालायचं, त्याचा कागद देवघरात हळदीकुंकवाच्या डब्याखाली होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी पहाटे अंगणात गोपद्मं काढत होते. चातुर्मासात रोज तेहेतीस काढायची. एकतीस झाली होती. हे कॅमेरा गळ्यात घालून बाहेर आले आणि डावीकडच्या चार-पाच पावलांवरून सरळ चालत गेले.

“अहो! बघून चालायचं ना.”

ते थांबले. पायाखाली बघितलं. पायाला पांढरी रांगोळी लागली होती.

“अरे, चुकलंच.” आणि मग, “काढ पुन्हा. मी फोटो घेतो.”

“माझे कसले घेता? अंघोळ करून केसही विंचरलेले नाहीत.”

“तुझा नाही गं. रांगोळीचा.” तरी त्यांनी माझाच घेतला. नंतर काच माझ्यापुढे धरून म्हणाले, “हे बघ, तू मधे. आणि इकडे तुळस, इकडे चपला, तो पाण्याचा नळ. काहीही तुटलेलं नाही.”

मला नळ आणि चपला कशाला हव्यात ते कळेना. पण मी चांगला आलाय म्हटलं.

त्या दिवशी ते सकाळी गेले ते बाराला आले. बाजारात गेले होते, नदीवर गेले होते, मिरच्यांच्या ढिगाशी बसलेल्या एका म्हातारीशी त्यांची दोस्ती झाली होती. जेवताना तेच सांगत होते. दुपारी आमच्या वन्सं आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या आणि आमच्या घरातलं कुठलंही भांडं उघडून बघायचा त्यांना हक्क होता.

“हे काय नवीन, श्रीधर?”

“नवीन नाही, जुना आहे. विकत घ्यायचं चाललंय.”

“कशाला? दुकान तर बंद केलंस.”

“म्हणून तर. आता मला हवे ते फोटो काढीन.”

“साठीला आलास! लोक या वयात टाळ घेतात, तू कॅमेरा घे.” वन्संनी माझ्याकडे बघितलं. “आणि हिची घंटा?”

मी चहा ठेवायला उठले. वन्सं चहा पिऊन गेल्या. जाताना दारात मला म्हणाल्या, “देवाला कबूल केलेलं आहे हो. ह्याचं काय, आज हे, उद्या ते.”

त्या गेल्यावर हे माझ्याजवळ येऊन बसले. मी देवाची भांडी घासत होते.

“हेमा, पैसे तुझे आहेत. तू नको म्हणालीस तर नको. मला काही वाटणार नाही.”

“घंटा?”

“घंटा पुढच्या वर्षी करू. नाहीतर छोटी करू. देव काय घंटेचं वजन करतो?”

“आणि कॅमेरा पुढच्या वर्षी नाही का चालणार?”

ते ताम्हनाकडे बघत राहिले. काहीतरी बोलणार होते, असं आता वाटतं. मग म्हणाले, “पुढच्या वर्षीचं कुणी बघितलंय?”

“उद्या सांगते,” मी म्हटलं.

खरं सांगायचं तर माझ्या मनात फक्त घंटा नव्हती. एकतीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या मांडवात होता. माझ्या हळदीकुंकवाला, आमच्या मुलीच्या वाढदिवसांना, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला ह्यांची कुणाकडे तरी फोटोची ऑर्डर असायची. गेलं दीड वर्ष ते घरात होते. सकाळी फुलं आणून द्यायचे, संध्याकाळी देवळात सोबत यायचे. आणि तो काळा डबा गळ्यात पडल्याबरोबर पहिल्याच दिवशी ते बारा वाजेपर्यंत घरी आले नव्हते.

रविवारी त्यांना वाढून, त्यांचं जेवण आटोपल्यावर मी पान घेतलं. हे बाहेरच्या खोलीत होते. फोन वाजला. अमरचा होता, ह्यांच्या बोलण्यावरून कळलं.

“निपाणीचा? … दारात उभाय म्हणतोस? … नाही नाही, तू त्याला थांबव जरा. दोन मिनिटं.”

पावलं स्वयंपाकघराकडे आली. फोन कानाशी तसाच, बोलायची बाजू हातानं झाकलेली.

“हेमा, निपाणीचा एक जण रोख पैसे घेऊन आलाय अमरकडे. तुमचा नक्की असेल तर त्याला परत पाठवतो म्हणतो. घेऊ का?”

मी पानावर बसले होते. माझा हात पानात होता.

“अगं, मानेनं सांग नुसतं. हो की नाही? आजच्या दिवस देव रागावणार नाही.”

मी मान वर केली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. ते दारातच उभे होते. किती वेळ, मला सांगता येणार नाही. फोनमधून अमरचा बारीक आवाज आला, ‘काका? काका, आहात का?’

“कळलं,” हे म्हणाले. मला म्हणाले की त्याला, ठाऊक नाही. मग फोनवर स्पष्ट बोलले, “अमर, त्याला देऊन टाक. हो, हो, अगदी मनापासून. संध्याकाळी ये घेऊन जायला.”

संध्याकाळी अमर आला. ह्यांनी लेन्स उतरवून डब्यात ठेवली, कॅमेरा पुसला, रबराचा सुटलेला कोपरा चिकटवून ठेवला होता तो त्याला दाखवला.

“काका, कार्डात फोटो आहेत तुमचे. दोनशेवर आहेत. पेन ड्राइव्हवर टाकून पाठवू?”

“नको. पुसून टाक.”

“अहो, चांगले आहेत की!”

“पुसून टाक रे. कार्ड तुला लागेल.”

अमरनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्यापुढे लाडवाची बशी ठेवली.

कार्तिकात घंटा चढली. नाव नीट कोरलं होतं. ह्यांनी स्वतः शिडी धरली. बायकांनी माझी ओटी भरली, वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. सोळा वर्षांचं व्रत बिनचूक पार पडलं, असं गुरव सगळ्यांना सांगत होता.

मार्गशीर्षात एस. टी. स्टँडसमोर डावीकडून आलेली सायकल ह्यांना लागली. फार नाही, गुडघा फुटला. पण सायकलवाला शपथेवर सांगत होता की हे समोर बघत-बघत त्याला आडवे आले. मी हट्टानं त्यांना कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दार उघडताच डॉक्टर म्हणाले, “या नूलकर. आज घरच्यांना आणलंत तर.”

मला काही कळेना.

“काचबिंदू आहे बाई. आषाढात आले होते तेव्हाच ह्यांना सांगितलं होतं. ह्यात कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही. उरलेली औषधानं जितकी टिकेल तितकी टिकवायची. घरच्यांना घेऊन या म्हटलं होतं, तर आज उगवतायत.”

आषाढ. अमर कॅमेरा घेऊन आला त्या श्रावणाच्या आधीचा.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. कागल गेल्यावर मी विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“तुझा चातुर्मास चालू होता,” ते म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

आठ दिवसांनी मी कुणाला न सांगता अमरला फोन केला. तो बिचारा त्याच महिन्यात तसाच दुसरा कॅमेरा शोधून घेऊन आला. ह्यांनी तो डोळ्याला लावला. खाली घेतला. पुन्हा लावला.

“चांगला आहे,” म्हणाले. “पण आता एकेक कड बघायला मान फिरवावी लागते. तोवर समोरचा माणूस निघून जातो. राहू दे, अमर.”

औषधं आठ वर्षं पुरली. हळूहळू गेलं सगळं, वात बारीक करत नेल्यासारखं. शेवटी दिवस आणि रात्र एवढंच उरलं, मग तेही गेलं.

मौनाचं व्रत मी पुन्हा धरलं नाही. धरता आलंच नसतं. आता आम्ही दोघं एकदमच जेवायला बसतो, आणि मला बोलावं लागतं. डावीकडे चटणी, तिच्या खाली कोशिंबीर, समोर भात, भातावर वरण, वाटीत आमटी, गरम आहे, सांभाळून. रोज, दोन्ही वेळा. ह्यांना सगळं ऐकल्याशिवाय घास उचलवत नाही.

गेल्या श्रावणात असंच सगळं सांगून झालं, आणि मला पुढचा घास घेता येईना. मी म्हटलं, “अहो, एक सांगायचंय. अमरचा फोन आला होता ना, त्या दिवशी…”

ते थांबले.

“माझं जेवण झालं होतं. पाणी पिऊन, नमस्कार करून झाला होता. तुमची पावलं ऐकली आणि मी रिकाम्या पानात हात घातला.”

एवढं बोलायला मला बारा वर्षं लागली. देवापुढेही मी ते कधी बोलले नव्हते.

बोटांना लागलेला भात त्यांनी सावकाश पानात झटकला.

“तू पाणी पिऊन झाल्यावर भांडं पालथं घालतेस,” ते म्हणाले. “पालथं होतं. मला समोरचं तेव्हा चांगलं दिसत होतं, हेमा.”

मी पान बाजूला सारलं.

“मग बोलला का नाहीत? डोळ्यांबद्दल एक शब्द सांगितला असता तर…”

“तर तू हो म्हणाली असतीस. त्याच क्षणी. गळ्यातलं काढून दिलं असतंस.” ते थोडं हसले. “मला तसं हो नको होतं. नुसतं हो हवं होतं. हौस म्हणून.”

बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. ह्यांचा हात पानाच्या कडेवर होता, पुढे जात नव्हता.

“आमटी कुठं म्हणालीस?” त्यांनी विचारलं. “बोल की.”

“उजवीकडे,” मी म्हटलं. “अजून थोडं. अजून. तिथंच.” आणि वाटी त्यांच्या बोटांना लागली तरी मी बोलतच राहिले.